पाऊचसह जगताना मूत्रपिंडांचे रक्षण

काही आजारांविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जात नाही. लघवीचे आजार त्यांपैकीच होत. मूत्राशयाचा कर्करोग, क्षयरोगाने आकसून गेलेले मूत्राशय, जन्मतःच पोटावर उघडे राहिलेले मूत्राशय, मणक्याच्या जन्मजात दोषामुळे किंवा अपघातातील इजेमुळे लघवीवरील गेलेला ताबा, अशा निरनिराळ्या कारणांनी ज्यांचे मूत्राशय काढावे लागले अथवा निकामी ठरले, अशी माणसे आपल्या आसपास आहेत. शस्त्रक्रियेने त्यांना लघवीचा नवा मार्ग मिळालेला असतो. जखम भरते, नोकरी किंवा शेतीचे काम पुन्हा सुरू होते, कपड्यांखाली काही दिसत नसल्यामुळे शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. येथपर्यंत सारे उत्तम. मात्र पुढे दोन-चार वर्षांनी रुग्णालयाच्या खेपा कमी होतात, मग थांबतात. 'काही त्रासच नाही, तर कशाला जायचे?' असा विचार केला जातो. मूत्रपिंडांना हाच काळ सर्वाधिक घातक ठरू शकतो. कारण मूत्रपिंड बिघडत असताना बहुधा दुखत नाही. ही एक गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी, एवढ्याचसाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत.

नवा मार्ग कसा तयार होतो?

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून साधारण दीड लिटर लघवी बनते. ती दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. निरोगी मूत्राशय भरत असताना सैल राहते, आत दाब वाढू देत नाही आणि लघवी वर चढू देत नाही. मूत्रपिंडांचे संरक्षण या दोन गुणांवर अवलंबून असते.

मूत्राशय नसेल तर काय करावे, या प्रश्नाशी शल्यविशारद दीड शतकाहून अधिक काळ झगडत आले आहेत. १८५२ साली लंडनमध्ये जॉन सायमन यांनी मूत्राशय उघडे असलेल्या एका मुलाची लघवी आतड्याकडे वळवण्याचा प्रयत्न केला. पुढे मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडण्याची पद्धत रूढ झाली. परंतु विष्ठेतील जंतू मूत्रपिंडांपर्यंत चढत आणि रक्तातील क्षारांचे संतुलन ढळे. १९५० साली अमेरिकेतील युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा छोटा तुकडा वेगळा करून त्याचे एक तोंड पोटावर काढण्याची पद्धत मांडली. या छिद्राला स्टोमा म्हणतात आणि त्यावर चिकटवलेल्या पिशवीत लघवी सतत जमत राहते. आजही ही पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. १९८२ साली स्वीडनचे नील्स कॉक यांनी लघवीसाठी शरीराच्या आतच आतड्याचा पाऊच बनवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. अशा पाऊचला बाहेरची पिशवी लागत नाही. बेंबीजवळील किंवा पोटाच्या उजव्या बाजूच्या लहान छिद्रातून ठरावीक वेळाने नळी घालून तो रिकामा करायचा असतो. काही रुग्णांत हा पाऊच नैसर्गिक मूत्रमार्गालाच जोडतात; त्याला नवे मूत्राशय म्हणतात.

आतडे मुळात नळीसारखे असून अन्न पुढे ढकलण्यासाठी ते आकुंचन पावते. ते तसेच वापरले तर प्रत्येक आकुंचनाबरोबर आतला दाब वाढेल. म्हणून सर्जन सुमारे ४० ते ६० सेंटिमीटर आतडे उभे चिरून, उलगडून, घडी घालून गोलाकार शिवतात. त्यामुळे दाब बराच कमी राहतो. तरीही आतडे ते आतडेच. ते चिकट स्राव बनवत राहते आणि समोर आलेल्या द्रवातून काही पदार्थ शोषत राहते. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या दोन स्वभावांत आहे.

धोका कोठून येतो?

पहिला धोका अडथळ्याचा. मूत्रवाहिनी जेथे आतड्याला जोडली जाते तेथे कालांतराने व्रण आकसून वाट अरुंद होऊ शकते. हे बहुधा पहिल्या दोन वर्षांत घडते. पण कित्येक वर्षांनीही घडू शकते. डावी मूत्रवाहिनी आतड्याच्या पडद्याखालून पलीकडे न्यावी लागत असल्याने त्या बाजूला हे अधिक आढळते. वाट हळूहळू बंद होत गेली तर वरचे मूत्रपिंड फुगते आणि काही महिन्यांत निकामी होऊ शकते. वेदना मात्र होईलच असे नाही. दुसरे मूत्रपिंड त्याचेही काम उचलत असल्यामुळे लघवीचे प्रमाण पूर्वीसारखेच राहते.

दुसरा धोका दाबाचा व जंतूंचा. पाऊच वेळेवर रिकामा केला नाही तर तो ताणला जातो, आतला दाब वाढतो आणि लघवी वरच्या दिशेने चढते. पाऊचमध्ये जंतू जवळजवळ नेहमीच असतात. तेथे असेपर्यंत ते सहसा उपद्रव करत नाहीत. परंतु तुंबलेल्या लघवीबरोबर वर गेले की मूत्रपिंडाला संसर्ग होतो. असा संसर्ग वारंवार झाला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहतात.

तिसरा धोका खड्यांचा. चिकट स्राव, साचून राहिलेली लघवी आणि विशिष्ट जंतू एकत्र आले की पाऊचमध्ये खडे धरतात. खडा जंतूंना आश्रय देतो, जंतू खडा वाढवतात, आणि हे चक्र औषधांनी तुटत नाही. खडा काढावाच लागतो.

चौथा धोका रक्तातील आम्लतेचा. आतड्याचे अस्तर लघवीतील अमोनियम व क्लोराइड पुन्हा रक्तात घेते. जादा झालेले आम्ल बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती सशक्त असतील तर हा भार पेलतात, दुबळी असतील तर आम्ल साठत जाते. म्हणूनच ज्यांचे क्रिएटिनिन आधीच डेसिलिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर आहे, त्यांना सर्जन सहसा आतला पाऊच सुचवत नाहीत. आम्लता वाढल्याची लक्षणे फसवी असतात. थकवा, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, वजन घटणे ही ती लक्षणे. वयाला किंवा उन्हाळ्याला दोष देऊन माणूस गप्प बसतो. दीर्घकाळ दुर्लक्ष झाले तर हाडांतील चुना झिजतो, वाढत्या मुलांची उंची खुंटू शकते. वेळीच कळले तर सोडियम बायकार्बोनेटच्या साध्या गोळ्यांनी बहुधा सुधारणा होते. त्या मात्र डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच घ्याव्यात.

कोणत्या तपासण्या आणि का?

नियमित तपासणीचे वेळापत्रक प्रत्येकाचे वेगळे असते. सर्वसाधारणपणे पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा, आयुष्यभर, तपासणी व्हावी. कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्या आजाराच्या तपासण्या याखेरीज कराव्या लागतात.

रक्तातील क्रिएटिनिन हा मूत्रपिंडांच्या कामाचा परिचित निर्देशक आहे. आतडे थोडे क्रिएटिनिन परत शोषत असल्याने पाऊच असलेल्यांत हा आकडा किंचित अधिक दिसू शकतो. त्यामुळे एका आकड्याने घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. मागील अहवालांशी तुलना करून तो चढतो आहे का, हे पाहावे. याकरिता सर्व अहवाल तारखेनुसार एका फायलीत ठेवणे हे निम्मे काम झाले असे आम्ही समजतो.

परंतु केवळ क्रिएटिनिन पुरेसे नाही. एक मूत्रपिंड पूर्ण बंद पडले तरी दुसरे निरोगी असल्यास हा आकडा जवळपास ठीक राहू शकतो. म्हणून सोनोग्राफी अनिवार्य आहे. पाऊच रिकामा करून ती करावी, अन्यथा भरलेल्या पाऊचमुळे मूत्रपिंडे उगीच फुगलेली भासू शकतात. फुगवटा आढळल्यास तो अडथळ्याचा की लघवी वर चढल्याचा, हे ठरवण्यासाठी डॉक्टर मूत्रपिंडाचा आयसोटोप स्कॅन सांगतात. अडथळा लवकर सापडला तर तो दूर करून मूत्रपिंड वाचवता येते.

याबरोबर रक्तातील बायकार्बोनेट, क्लोराइड व पोटॅशियम तपासावे. पाऊचसाठी लहान आतड्याचा शेवटचा भाग वापरला असल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ही उणीव तीन-चार वर्षांनी उघड होते. शाकाहारी मंडळींत साठा आधीच कमी असू शकतो. हातापायांना मुंग्या येणे हे तिचे उशिराचे लक्षण आहे. त्याची वाट न पाहता दरवर्षी तपासणी करावी. रक्तदाब व साखर हे मूत्रपिंडांचे जुने शत्रू; त्यांवरही नजर असावी.

लघवीच्या अहवालाबाबत एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. पाऊचमधील लघवीत जंतू, पूपेशी व प्रथिने दिसणे हे नित्याचेच. ताप किंवा दुखणे नसताना केवळ कागदावरील 'जंतू आढळले' या शेऱ्यावर प्रतिजैविके घेऊ नयेत. तसे केल्याने औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि खरोखर गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. तपासणीसाठीचा नमुना बाहेरच्या पिशवीतून न देता स्वच्छ नळीने काढून द्यावा.

रोजची शिस्त

आतला पाऊच असणाऱ्यांनी तो दर चार ते सहा तासांनी, घड्याळ पाहून रिकामा करावा. भरल्याची जाणीव होण्याची वाट पाहू नये. ती नेहमी होतेच असे नाही. रात्री एकदा उठण्यासाठी गजर लावावा. अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली दाखवून दिले की स्वतः नळी घालताना शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकतेची गरज नसते. साबणाने धुतलेले हात, स्वच्छ नळी आणि वेळेची नियमितता पुरेशी असते. यांपैकी वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाइनने पाऊच धुतल्यास चिकट स्राव निघून जातो व खड्यांची शक्यता घटते. बाहेरची पिशवी वापरणाऱ्यांनी ती एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी.

पाणी भरपूर प्यावे. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला अडीच ते तीन लिटर, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून अधिक. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना, लग्नाच्या वऱ्हाडात किंवा एसटीच्या लांबच्या प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेकजण पाणी पिणेच टाळतात. हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. त्याऐवजी जादा नळी, साबण व पाण्याची बाटली वेगळ्या पिशवीत बाळगावी आणि थांबे आधीच ठरवून निघावे. जुलाब-उलट्या झाल्यास पाणी व क्षार झपाट्याने घटतात आणि आम्लता वाढते, म्हणून अशा वेळी घरगुती उपचारांवर दिवस काढू नयेत.

गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. घटक न सांगता विकली जाणारी भस्मे व पुड्याही टाळाव्यात. तंबाखू व विडी-सिगारेट पूर्णपणे सोडावी. धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे.

तातडी केव्हा समजावी?

थंडी वाजून ताप येणे, कुशीत किंवा पाठीत दुखणे, नळी आत न जाणे, लघवी अचानक कमी होणे, रक्त पडत राहणे, पोटात एकाएकी तीव्र कळ येणे, सतत उलट्या अथवा ग्लानी, यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, रुग्णालय गाठावे. नळी जात नसेल तर जोर करू नये. पाऊच फुटणे दुर्मीळ असले तरी जिवावर बेतणारे असते. खिशात एक चिठ्ठी कायम ठेवावी. कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या वर्षी, नळी कोठून व कोणत्या क्रमांकाची, कोणत्या औषधाची ॲलर्जी, नातेवाइकाचा दूरध्वनी, एवढे तीवर असावे. बेशुद्ध माणसाच्या पोटात पाऊच आहे, हे अनोळखी डॉक्टरांना दुसरे कोण सांगणार?

घर आणि शाळा

जन्मजात दोषामुळे बालपणीच पाऊच मिळालेली मुले आज शाळांत शिकत आहेत, वसतिगृहांतही राहू शकतात. अशा मुलाला तासाच्या मध्ये, प्रार्थनेच्या वेळी किंवा परीक्षेतही उठून जाण्याची कायमची मुभा असावी. प्रत्येक वेळी वर्गासमोर कारण सांगावे लागू नये. कडी लागणारे स्वच्छतागृह, पाणी आणि साबण एवढीच त्याची गरज असते. संकोचापोटी मूल एक खेप चुकवते, मग दुसरी. आणि त्याची किंमत मूत्रपिंडे मोजतात. पालकांनी वर्गशिक्षकांना व गृहपालांना विश्वासात घेऊन हे सांगावे, आणि त्यांनी ते गुप्त ठेवावे. मूल स्वतः नळी घालू लागले की त्याला त्याचे कामही करू द्यावे. वयात येताना पालकांच्या हातून ही जबाबदारी त्याच्याकडे नीट सोपवली गेली नाही, तर तपासण्या नेमक्या तेव्हा सुटतात.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हेच काम कुटुंबाचे आहे. वडिलांचा चष्म्याचा नंबर, आईचा रक्तदाब आपण विचारतो. त्याच सहजतेने 'या वर्षीची सोनोग्राफी झाली का?' असे विचारावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत या तपासण्या माफक खर्चात होतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते असतील. त्यांनी आपल्या वस्तीतील अशा एका कुटुंबाची तरी फाइल पाहून द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्यांच्या कपाटात अशी फाइल आहे, त्यांनी शेवटच्या अहवालाची तारीख आजच पाहावी. ती एक वर्षाहून जुनी असेल, तर या आठवड्यात तपासणीची वेळ ठरवावी.