विमान डावीकडंच का जातं?

पारनेर तालुक्यात सुप्याजवळ डोंगरावर पवनचक्क्या आहेत, म्हणजे तिथं वारं किती असतं ते सांगायला नको. अशा माळावर आपण रिमोटचं विमान उडवतो, ते डावीकडं जातं, आणि आपण लगेच ट्रिमचं बटण उजवीकडं दाबत सुटतो. थांबा. आडव्या वाऱ्यानं नुसतं वाहत गेलेलं विमानही खालून वळल्यासारखं दिसतं.

स्टुअर्ट मिलनं १८४३ साली मांडलेली रीत आपण इथं वापरू (तत्त्वज्ञानवाले आम्ही, सुटत नाही ते!): बाकी सगळं तेच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची. भल्या सकाळी, वारं पडलेलं असताना, चांगल्या उंचीवर अर्ध्या थ्रॉटलला विमान सरळ धरायचं आणि स्टिक सोडायची. झुकलं? आता थ्रॉटल बंद करून तरंगू द्यायचं. झुकणं थांबलं, तर कारण पंखात नाही, मोटरच्या ओढीत आहे. प्रोपेलर मागून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्याची उलटी पिळवट विमानाला डावीकडं नेते. अशा वेळी मोटरच एक-दोन अंश उजवीकडं वळवून बसवावी. ते नुसतं ट्रिमनं झाकलं, तर थ्रॉटल कमी केल्यावर, म्हणजे नेमकं उतरताना, विमान उजवीकडं ओढणार. आणि तिकडं बघायला आलेली पोरं उभी असतात.

तरंगतानाही झुकलं, तर पिळलेला पंख, एका बाजूचं जादा वजन किंवा एलेरॉन बघायचं. एलेरॉनच असेल, तर ट्रिम जरूर द्यावी. खाली आल्यावर पुशरॉड तेवढीच कमी-जास्त करून ट्रिम पुन्हा मध्यावर आणायची.