साध्या खुणांचे लेखन : छात्रालय दैनिक ते विकिस्रोत

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये पांडुरंग सदाशिव साने १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षक होते. छात्रालयातील मुलांची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. दिवसाचे अध्यापन आणि मुलांची देखभाल यांतून वेळ काढून ते ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. हे दैनिक कोणत्याही छापखान्यात जात नसे. साने गुरुजींच्या हातचा मजकूर, कागद आणि शाई, एवढ्यावर ते निघे आणि मुले ते आवडीने वाचत. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक आले, १९३८ मध्ये अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक निघाले आणि १९४८ मध्ये मुंबईत ‘साधना’ सुरू झाले. त्या सर्व छापील नियतकालिकांच्या आधी होते ते हाताने लिहिलेले दैनिक.

हाताने लिहिणाऱ्याजवळ ठळक टंक नसतो, तिरका टंक नसतो, मथळ्यासाठी मोठे खिळे नसतात. त्याच्याजवळ असतात त्या खुणा. मथळ्याखाली दोन रेघा, महत्त्वाच्या शब्दाखाली एक रेघ, परिच्छेद बदलताना मोकळी सोडलेली ओळ. वाचणाऱ्याला त्या खुणांचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही. आज संगणकावर आणि महाजालावर ज्या ‘हलक्या खूणभाषा’ वापरात आहेत, त्यांचे मूळ याच साध्या सवयीत आहे.

खुणांची ही परंपरा मुद्रणाहूनही जुनी आहे. हस्तलिखित पोथ्यांमध्ये शीर्षके आणि अध्यायाच्या शेवटची वाक्ये लाल शाईने लिहीत. प्रकरण संपल्यावर दोन दंडांच्या मध्ये ‘॥ छ ॥’ अशी खूण येई. लिहिताना अक्षर सुटले तर त्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण, म्हणजे काकपद, करून ते अक्षर समासात लिहीत. चुकलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. आपल्या ज्ञानभांडारांतील पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पानाच्या मध्यभागी सोडलेली मोकळी जागा किंवा लाल टिळा आठवत असेल. ताडपत्रात दोरी ओवण्यासाठी भोक असे. कागद आल्यावर भोकाची गरज संपली, पण लेखकांनी त्याची खूण पुढे कित्येक शतके जपली.

छापखाना आला तेव्हा खुणा करण्याचे काम संपादकाकडे गेले. हस्तलिखिताच्या समासात ‘हा मथळा’, ‘हे ठळक’, ‘येथे नवा परिच्छेद’ अशा सूचना लिहायच्या आणि कंपोझिटरने त्यांप्रमाणे खिळे जुळवायचे. या खुणा वाचकासाठी नसत, जुळवणाऱ्यासाठी असत. इंग्रजी मुद्रणव्यवसायात या कामाला ‘मार्कअप’ म्हणत आणि संगणकाने ते नाव जसेच्या तसे उचलले.

संगणकावर मजकूर सजवण्याची अधिक परिचित पद्धत मात्र वेगळी आहे. शब्द निवडायचा, वरच्या पट्टीवरील बटण दाबायचे, शब्द ठळक होतो. सोय मोठी आहे. मात्र ठळकपणाची ती नोंद फाइलमध्ये कशी ठेवली आहे, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. ती वाचायला तीच किंवा तशीच प्रणाली लागते. मराठीच्या बाबतीत याची किंमत फार मोठी पडली. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे डीटीपी केंद्रांमध्ये जे मराठी टंक वापरले जात, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर आणि कागदावर सुबक मराठी दिसे. फाइलच्या पोटात मात्र मराठी नसेच. तो टंक काढून घेतला की ‘श्री’च्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी उरते. त्या काळातील किती स्मरणिका, वंशावळी, ट्रस्टची इतिवृत्ते आणि अहवाल अशा फाइलींमध्ये अडकून पडले असतील! रूपांतर करणाऱ्या सोयी आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात आणि प्रत्येक ओळ माणसालाच पुन्हा वाचावी लागते. छापील प्रत कपाटात सुखरूप असते, संगणकातील मूळ प्रत मात्र निकामी झालेली असते. कागदापेक्षा संगणक टिकाऊ, असे मानणाऱ्यांना हा अनुभव बराच महाग पडला आहे.

या दुखण्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर उपाय म्हणजे युनिकोड. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. टंक बदलला तरी अक्षर बदलत नाही. उरलेल्या अर्ध्या भागावर, म्हणजे मथळे, याद्या, ठळक शब्द यांची नोंद टिकाऊ कशी करावी या प्रश्नावर, हलकी खूणभाषा हे उत्तर आहे. कळफलकावरची नेहमीची चिन्हेच खुणा म्हणून वापरायची आणि ती मजकुरातच, उघड्या डोळ्यांना दिसतील अशी, लिहायची. या भाषांपैकी सर्वांत जास्त पसरलेली मार्कडाउन ही जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये, ॲरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने तयार केली. साध्या ई-पत्रांत लोक आपणहून ज्या खुणा करीत, त्यांनाच त्यांनी नियमांत बसवले. ओळीच्या आरंभी # हे चिन्ह आणि एक मोकळी जागा दिली की ती ओळ मथळा होते. दोन चिन्हे दिली तर उपमथळा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका दिल्या की तो ठळक होतो. ओळीपुढे आडवी रेघ आणि मोकळी जागा दिली की यादीतील एक कलम तयार होते. वार्षिक सभेच्या अहवालाला एवढी सामग्री पुरेशी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. # ही खूण ‘हा मथळा आहे’ एवढेच सांगते. तो किती मोठा आणि कोणत्या रंगात दिसावा, हे सांगत नाही. ते काम प्रणाली नंतर करते. म्हणून एकाच फाइलमधून छापील पुस्तिका, संकेतस्थळाचे पान आणि वडीलधाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांची प्रत अशी तिन्ही रूपे काढता येतात. उद्या ती प्रणालीच नाहीशी झाली, तरी # आणि त्यापुढील मराठी ओळ कोणालाही वाचता येईल.

आपल्याला हे जमणार नाही, असे म्हणणारे बहुतेकजण ते रोज करीत असतात. व्हॉट्सॲपवरील निमंत्रणात ‘*स्थळ*’ असे दोन तारकांमध्ये लिहिले की शब्द ठळक होतो. ही सोय २०१६ पासून आहे आणि घरोघरी आजीआजोबाही ती वापरतात. फरक एवढाच की व्हॉट्सॲपला ठळक अक्षरासाठी प्रत्येक बाजूला एक तारका पुरते, तर मार्कडाउनमध्ये एका तारकेने अक्षर तिरके होते आणि दोन तारकांनी ठळक. बोली बारा कोसांवर बदलते. अहिराणीच्या मुलखात हे कोणी सांगायला नको. मार्कडाउनच्याही इतक्या बोली झाल्या की २०१४ मध्ये काही जाणकारांनी ‘कॉमनमार्क’ नावाने तिचे प्रमाण रूप लिहून काढले.

मराठी माणसासाठी यातील सर्वांत महत्त्वाची खूणभाषा मात्र विकिपीडियाची आहे. विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी. त्यातील खुणा वेगळ्या आहेत. दोन बाजूंना दोन-दोन समान-चिन्हे दिली की मथळा होतो: ‘== बालपण ==’. तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हांनी शब्द ठळक होतो. दुहेरी चौकटी कंसात ‘[[अमळनेर]]’ लिहिले की तो शब्द अमळनेरच्या पानाचा दुवा बनतो. कौतुकाची गोष्ट अशी की यंत्राला द्यायच्या सूचनाही येथे मराठीतून देता येतात. पानाचा विषय नोंदवायचा तर ‘[[वर्ग:जळगाव जिल्हा]]’ असे लिहावे आणि तयार नमुन्याला ‘साचा’ म्हणावे. खुणा टाळून केवळ बटणांनी संपादन करण्याची सोयही विकिपीडियावर आहे. तथापि पान बिघडले, रकाने फिसकटले, की शेवटी खुणांकडेच यावे लागते.

याच कुटुंबातील मराठी विकिस्रोत हे मुक्त ग्रंथालय अमळनेरशी थेट नाते सांगते. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरचे वर्ष धरून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. १ जानेवारी २०११ पासून त्यांचे साहित्य सर्वांना मुक्त झाले. विकिस्रोतावर त्यांची पुस्तके वाचता येतात. ती तेथे कशी येतात, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम जुन्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे चित्र घेतले जाते. चित्रातील अक्षरे यंत्र ओळखते, पण ‘घ’चा ‘ध’ करते, ‘भ’चा ‘म’ करते, अनुस्वार गिळते. मग स्वयंसेवक बसतो. पडद्यावर एका बाजूला पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर. तो अक्षर न् अक्षर ताडून पाहतो, मथळा, कवितेच्या ओळी, तळटीप यांना योग्य खुणा करतो आणि पान पिवळे होते. पिवळे म्हणजे एकदा तपासलेले. न तपासलेले पान लाल, कोरे पान करडे, अडचणीचे जांभळे. पिवळ्याचे हिरवे करायचे तर मात्र दुसरा माणूस लागतो. पहिल्या तपासनिसाने स्वतःच त्यावर अंतिम मोहोर उठवायची नाही; प्रणाली ते होऊच देत नाही. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्या अधिकाऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, तोच हा दंडक. आणखी एक साम्य असे की केलेला प्रत्येक बदल तारीख, वेळ आणि करणाऱ्याच्या नावासह इतिहासात राहतो. खतावणीत जसे खाडाखोड न करता उलट नोंद करून चूक दुरुस्त करतात, तसे जुनी आवृत्ती परत आणता येते, पण मधली चूक झालीच नव्हती असे दाखवता येत नाही. चर्चेच्या पानावर मजकुराच्या शेवटी चार वेळा ‘~’ हे चिन्ह दिले की नाव आणि वेळ आपोआप उमटते. हीच येथील सही.

मराठी लिहिणाऱ्याला नडणाऱ्या काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण या भाषा रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनी घडवल्या आहेत. मार्कडाउनमध्ये क्रमांकित यादीला इंग्रजी आकडेच लागतात. ‘१.’, ‘२.’ असे मराठी आकडे घातले तर त्यांना यादी न मानता साधा मजकूर मानले जाते आणि सगळी कलमे एका परिच्छेदात सलग जाऊन बसतात. विकिपीडियावर त्यासाठी ओळीच्या आरंभी # द्यावे. आकडे तो स्वतः घालतो. तेच चिन्ह एकीकडे मथळा आणि दुसरीकडे क्रमांक, ही गंमत नवख्याला काही दिवस छळते.

पत्रलेखनात परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घेण्याची आपली शिस्त येथे अंगाशी येते. विकिपीडियावर ओळीच्या आरंभी एक जरी मोकळी जागा राहिली, तरी ती ओळ चौकटीत, टंकलेखन यंत्राच्या अक्षरात दिसू लागते. मार्कडाउनमध्ये चार जागा सोडल्या की असेच होते. परिच्छेदासाठी मध्ये एक कोरी ओळ सोडणे, एवढेच दोन्हीकडे मान्य आहे. कविता, स्तवने, ओव्या लिहिणाऱ्यांनी विशेष जपावे. नुसते ओळ बदलून लिहिले तर मार्कडाउन सर्व चरण जोडून गद्य करून टाकते. चरणाच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडल्या की ओळ तुटते. पण त्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पुढील संपादक त्या निरुपयोगी समजून पुसतो.

दंडाचा घोटाळा त्याहून सूक्ष्म आहे. संस्कृत, प्राकृत गाथांच्या चरणाखेरचा दंड ‘।’ आणि कळफलकावरील उभी रेघ ‘|’ दिसायला जवळपास सारखे. घाईत अनेकजण दंडाऐवजी उभी रेघ टाकतात. परंतु ती रेघ विकिपीडियाच्या साच्यांमध्ये आणि तक्त्यांमध्ये रकाने वेगळे करण्याची खूण आहे. साच्यात गाथा लिहिताना अशी एक रेघ पडली, की अर्धी गाथा एका रकान्यात आणि उरलेली दुसरीकडे, किंवा कोठेच नाही. चूक शोधताना डोळे शिणतात, कारण नजरेला तेथे दंडच दिसत असतो.

तिरक्या अक्षराचा मोहही टाळलेला बरा. रोमन लिपीत त्याला जुनी परंपरा आहे. देवनागरीत तो मूळचा नाही, आणि यंत्राने अक्षर नुसते कलते केले की शिरोरेषा आणि मात्रा यांचा तोल जातो. ग्रंथनामाला एकेरी अवतरणचिन्हे आपल्याकडे शोभतात.

सरावासाठी मराठी विकिपीडियाने एक स्वतंत्र पान ठेवले आहे आणि त्याला ‘धूळपाटी’ असे नाव दिले आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत, हात फिरवला की पाटी पुन्हा कोरी होई. या धूळपाटीवर काहीही लिहावे, खुणा करून पाहाव्यात, बदल प्रकाशित करण्याआधी झलक पाहावी. तेथे लिहिलेले काही वेळाने पुसले जाते.