आवाज बंद करून गाणं बघा

एक सोपा प्रयोग करून बघा. मोबाइलवर एखादं गाजलेलं गाणं लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. आता फक्त त्यातल्या बाईकडे लक्ष द्या. तिचे ओठ हलतात का? ती कॅमेऱ्याकडे बघून बोलते, की सगळे नुसते तिच्याकडे बघतायत? ती पूर्ण दिसते, की फक्त कंबर, पाय, केस? तिच्या हातात काही काम आहे का?

माझ्या पीएचडीचं बरंचसं काम हेच आहे. एकेक शॉट थांबवायचा आणि तक्त्यात खूण करायची. व्हिडिओत बाईला नेमकं काय काम दिलंय, ते यातून मोजता येतं. पुष्कळदा वाटणी ठरलेली असते: बोलायचं त्यानं, दिसायचं तिनं.

ही वाटणी काही नवी नाही. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव घ्या. लावण्या त्यांच्या आणि फडावर पवळा हिवरगावकर. पवळेचं नाव गाजलं, पण शब्द शाहिराचे. जात्यावर मात्र बाई बायकांचेच शब्द गात होती. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पण तिथं ऐकायला घरातल्या, शेजारच्या बायकाच. म्हणजे एकीकडे मंच आणि दुसरीकडे शब्द. दोन्ही एकाच बाईच्या हाती क्वचितच आले.

रॅपमध्ये ते एकत्र येऊ शकतात, कारण रॅपरनं आपले शब्द आपणच लिहावेत अशी तिथं अपेक्षा असते. 1989 साली अमेरिकेच्या क्वीन लतीफानं मोनी लव्हबरोबर 'लेडीज फर्स्ट' केलं. त्याच्या व्हिडिओत ती लष्करी थाटाच्या कपड्यांत नकाशावरच्या सोंगट्या हलवते, सोबत लढाऊ कृष्णवर्णीय स्त्रियांचे फोटो दिसतात. 1997 मध्ये मिसी एलियट 'द रेन'मध्ये हवा भरलेला काळा फुगीर पोशाख घालून आली. अंगाचा आकारच दिसेना, तरी नजर तिच्यावरून हटत नाही!

आपल्याकडे मुंबईत 'वाइल्ड वाइल्ड विमेन' हा मुलींचा गट आहे. त्यांच्यात रॅप करणाऱ्यांबरोबर ब्रेकडान्स करणाऱ्या, स्केटबोर्ड चालवणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्याही आहेत. महादेव कोळी समाजातली माही जी, म्हणजे मधुरा घाणे, आदिवासींच्या प्रश्नांवर आणि उन्हाच्या झळांवर रॅप करते. दुष्काळी जतमध्ये हा शेवटचा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता एक सावधगिरी. सैल हुडी घातली की साचा मोडला, आणि तोकडे कपडे घातले की नाही मोडला, असं सोपं गणित मांडू नका. मुलांसारखी दिसली तरच मुलगी 'खरी' रॅपर, हाही एक साचाच झाला की.

ही चूक मीही केली, फक्त वेगळ्या तऱ्हेनं. जतमधल्या ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलीनं मला तिचा व्हिडिओ पाठवला. डाळिंबांची प्रतवारी करणारे दोन हात, आणि वर तिचा आवाज. चेहरा कुठंच नाही. मी सवयीनं तक्ता भरला: 'शरीराचा फक्त भाग दिसतो', 'ओठ दिसत नाहीत', 'नजर नाही'. माझ्या हिशोबानं व्हिडिओ नापास!

तिला विचारलं तर म्हणाली, "ताई, चेहरा दाखवला तर गावात घरच्यांना बोलणी बसतील. आणि हात माझेच आहेत ना? कुठं ठेवायचे ते मीच ठरवलं."

त्या दिवशी तक्त्यात एक रकाना वाढवला: काय दाखवायचं आणि काय नाही, हे कुणी ठरवलं? व्हिडिओ बघून हे दर वेळी कळत नाही, विचारावं लागतं. आणि हेही खरं, की तिनं निर्णय घेतला तो भीतीच्या चौकटीत राहून. चेहरा न दाखवणं तिनं निवडलं, पण ती भीती काही तिनं निवडलेली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच शॉटमध्ये आहेत, आणि मला त्या दोन्ही लिहायच्यात.

आता तेच गाणं आवाज सुरू करून परत बघा. कॅमेरा कुणाच्या मर्जीनं फिरतोय?