विसाव्या वर्षी लष्कर, एकविसाव्या वर्षी मत!

तुमचा वाढदिवस किती तारखेला असतो? हाऊजी खेळताना पिशवीतून आकडे काढतात ना, तशा एका पिंपातून गोट्या काढल्या जातायत आणि प्रत्येक गोटीमागे एक जन्मतारीख आहे, अशी कल्पना करा. तुमची तारीख निघाली आणि मेडिकलमध्ये पास झालात, की दोन वर्षं लष्करात. नशीब आणखी फिरलं तर थेट व्हिएतनामच्या जंगलात.

ही वेब सीरिजची स्टोरी नाही. ऑस्ट्रेलियात १९६५ ते १९७२ या काळात वीस वर्षांच्या मुलांसाठी अशी सोडत खरंच निघायची. त्यातून ६३ हजारांहून जास्त मुलं लष्करात गेली, १५ हजारांहून जास्त व्हिएतनामला पाठवली गेली आणि त्यातली सुमारे २०० परत आलीच नाहीत. आणि मतदानाचं वय? एकवीस! म्हणजे ज्या सरकारने तुम्हाला युद्धावर धाडलं, त्याला पाडायला तुमचं मत चालणार नाही.

२ डिसेंबर १९७२ ला निवडणूक झाली आणि तब्बल २३ वर्षांनी लेबर पार्टी सत्तेत आली. पंतप्रधान झाले गॉफ व्हिटलम. काही जागांचे निकाल अजून यायचे होते, त्यामुळे पूर्ण मंत्रिमंडळ बनवता येत नव्हतं. दुसरा कुणी थांबला असता. व्हिटलमनी त्यांचे उपनेते लान्स बर्नार्ड यांच्यासोबत ५ डिसेंबरला शपथ घेतली आणि दोघांनी मिळून २७ खाती वाटून घेतली. दोन माणसांचं सरकार! दोन आठवडे ते चाललं आणि त्या दोन आठवड्यांत निर्णयांचा नुसता धडाका लावला. सक्तीची लष्करभरती बंद. भरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात असलेल्या तरुणांची सुटका. गर्भनिरोधक गोळ्यांवरचा विक्रीकर रद्द. वंशावर निवडलेल्या क्रीडा संघांना देशात बंदी (रोख अर्थातच दक्षिण आफ्रिकेवर). त्यानंतर १९७३ मध्ये मतदानाचं वय अठरावर आलं. आपल्याकडे ते व्हायला १९८९ उजाडलं, हे आपल्या एफवाय, एसवायच्या मतदारांनी लक्षात ठेवावं.

परराष्ट्र धोरणातला किस्सा तर भारीच आहे. जुलै १९७१ मध्ये, विरोधी पक्षनेते असताना, व्हिटलम बीजिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान झाऊ एनलाय यांना भेटले. ऑस्ट्रेलियाने कम्युनिस्ट चीनला तेव्हा मान्यताच दिलेली नव्हती. तत्कालीन पंतप्रधान विल्यम मॅकमहन यांनी भर सभेत खिल्ली उडवली की झाऊंनी यांना माशासारखं गळाला लावून खेळवलं. पुढच्या काही दिवसांतच बातमी फुटली: अमेरिकेचे हेन्री किसिंजर त्याच सुमारास गुपचूप बीजिंगला जाऊन आले होते आणि खुद्द अध्यक्ष निक्सन चीनला जाणार होते. मॅकमहन यांचा चेहरा कसा झाला असेल! सत्तेत आल्यावर त्याच डिसेंबरात व्हिटलम सरकारने चीनशी राजनैतिक संबंध जोडले. भारताने हे १९५० मध्येच केलं होतं, म्हणून आपल्याला यात काय एवढं असं वाटेल. पण अमेरिकेला विचारल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या देशासाठी ही मोठी उडी होती.

आता तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याचा विषय. फी! १ जानेवारी १९७४ पासून ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांची ट्युशन फी रद्द झाली. खर्च केंद्र सरकारने उचलला. घरसंसारात अडकून शिक्षण सुटलेल्या कितीतरी बायका तिशी-चाळिशीत कॉलेजात आल्या. मला विचाराल तर या सरकारचं सगळ्यात सुंदर काम हेच. पण ते टिकलं का? नाही. १९८९ मध्ये फी परत आली आणि ती आणली व्हिटलमच्याच पक्षाच्या सरकारने. आधी शिका, कमवायला लागलात की टॅक्समधून फेडा, अशी ती योजना.

तुमच्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी मास्टर्ससाठी मेलबर्न किंवा सिडनीचा फॉर्म भरत असेलच. त्यालाही या सरकारशी थोडं देणंघेणं आहे. १९०१ पासून ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांखेरीज इतरांसाठी दार जवळपास बंद ठेवलं होतं. एखादा नको असेल तर त्याला युरोपातल्या कुठल्याही भाषेत ५० शब्दांचं श्रुतलेखन घालायचे. इंग्रजी येतंय? मग दुसरी कुठली तरी भाषा घ्या! ही परीक्षा १९५८ मध्ये गेली, १९६६ मध्ये आधीच्या सरकारने दार थोडं किलकिलं केलं. पण स्थलांतराच्या नियमांतून वंश हा निकषच काढला तो १९७३ मध्ये, आणि १९७५ मध्ये वंशभेदाविरुद्ध कायदा आला.

एवढं सगळं करणारं सरकार तीनच वर्षांत गेलं. कसं, ते पॉलिटिकल सायन्सवाल्यांनी नीट वाचावं. तेलाचे भाव भडकले, महागाई आवाक्याबाहेर गेली. त्यात मंत्र्यांनी नेहमीची वाट सोडून एका दलालामार्फत परदेशातून ४ अब्ज डॉलरचं कर्ज उभं करायचा घाट घातला. सुधारणांची घाई समजू शकते, ही घाई नाही. वरिष्ठ सभागृहात विरोधकांनी बजेट रोखून धरलं आणि ११ नोव्हेंबर १९७५ ला गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी निवडून आलेल्या पंतप्रधानालाच बडतर्फ केलं. त्या पदावर त्यांना नेमायची शिफारस कुणी केली होती? व्हिटलमनीच. राज्यपाल विरुद्ध सरकार अशा बातम्या वाचत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे फार परकं वाटू नये. महिन्याभरात निवडणूक झाली आणि विरोधी नेते माल्कम फ्रेझर १२७ पैकी ९१ जागा घेऊन जिंकले. लोकांनीच पाडलं शेवटी.

आणि एक डागही सांगायला हवा. पोर्तुगालची वसाहत असलेला पूर्व तिमोर इंडोनेशियात विलीन व्हावा, असा कल व्हिटलमनी सुहार्तोंसमोर बोलून दाखवला होता. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने तिथे सैन्य घुसवलं. तोवर व्हिटलम पायउतार झाले होते, पण चीनच्या बाबतीत दिसलेली दूरदृष्टी इथे कुठे गेली?

फ्रेझर यांनी सरकारी आरोग्य विमा योजना हळूहळू मोडीत काढली. ती १९८४ मध्ये नव्या नावाने परत आली. पण जन्मतारखांची सोडत त्यांनी पुन्हा सुरू केली नाही, अठराचं वय एकवीस केलं नाही. मूळनिवासींच्या जमीनहक्काचं व्हिटलम यांचं अर्धवट राहिलेलं विधेयक तर १९७६ मध्ये फ्रेझर यांनीच थोडी काटछाट करून मंजूर केलं.

१९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश राणीऐवजी स्वतःचा राष्ट्राध्यक्ष नेमावा का, यावर सार्वमत झालं. तेव्हा हे दोन म्हातारे एका बाजूने, एकाच जाहिरातीत दिसले. सार्वमत हरलं. गव्हर्नर जनरलचं पद आजही आहे, आणि पंतप्रधानाला बडतर्फ करायचा अधिकारही.