व्हिनेगरमध्ये परतलेला कंद

चीनच्या चेच्यांग प्रांतात दोंगयांग आणि पानआनच्या डोंगराळ भागात यान-हू-सुओ नावाच्या एका लहानशा वनस्पतीची लागवड होते. शरद ऋतूत कंद लावतात, वसंतात जांभळट फुले येतात आणि मे महिन्याच्या सुमारास पाने पिवळी पडली की काढणी सुरू होते. जमिनीतून निघणारे कंद जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचे असतात. मधला पांढरा भाग नाहीसा होईपर्यंत ते पाण्यात उकळतात आणि उन्हात वाळवतात. मग आतून ते पिवळे, मेणचट दिसतात. चव कडू.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ली शिचेन यांच्या औषधीकोशात, 'बेनत्साओ गांगमू'मध्ये, हा कंद अंगभरच्या वेदनांवर सांगितला आहे. चिनी वैद्य तो बहुधा व्हिनेगरमध्ये परतून मगच काढ्यात घालतात. ही केवळ रूढी नव्हे. कंदातले वेदनाशामक घटक अल्कलॉइड वर्गातले आहेत आणि मूळ रूपात ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लाशी संयोग झाला की त्यांचे क्षार बनतात, आणि क्षार पाण्यात सहज उतरतात. रेणू म्हणजे काय हे ठाऊक नसताना, केवळ कोणता काढा जास्त लागू पडतो हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत ही कृती ठरत गेली. मला हे निरीक्षण थोर वाटते.

ही अल्कलॉइडे वेगळी करण्याचे काम १९२० च्या दशकात पेकिंगमध्ये चाओ चेंगकू यांनी हाती घेतले. त्यांतले लीव्हो-टेट्राहायड्रोपाल्मेटिन पुढे चीनमध्ये वेदनाशामक आणि झोप आणणारे औषध म्हणून रुळले. ते मेंदूतल्या डोपामिनच्या रिसेप्टरांना अडवते, हे शांघायच्या चिन क्वोचांग यांच्या संशोधनातून पुढे आले.

२०१४ साली आणखी एक रेणू प्रकाशात आला. दालियानच्या संस्थेतले शिनमियाओ लियांग आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन संकुलातले ओलिव्हिए सिव्हेली यांच्या चमूने या कंदातून डिहायड्रोकोरिबल्बीन वेगळे केले. उंदरांवरच्या चाचण्यांत उष्णतेने होणारी तत्काळ वेदना, सुजेची वेदना आणि मज्जातंतूला इजा झाल्यावर रेंगाळणारी वेदना, या तिन्ही त्याने कमी झाल्या. कमी मात्रेत हा परिणाम मुख्यतः डोपामिनच्या डी-२ रिसेप्टरमधून होतो, असेही दिसले.

मज्जातंतूची वेदना फार चिवट असते. तिच्यावर मॉर्फिनही अनेकदा अपुरे पडते. शिवाय मॉर्फिनची शरीराला सवय होते, मात्रा वाढवावी लागते आणि व्यसनाची भीती उभी राहते. डिहायड्रोकोरिबल्बीन पुन्हा पुन्हा दिले तरी उंदरांत अशी सवय आढळली नाही. यान-हू-सुओ मॉर्फिन देणाऱ्या खसखशीच्याच कुळातली, पण तिच्या या रेणूने मॉर्फिनपेक्षा वेगळी वाट धरली, हे मला सर्वांत आशादायक वाटते.

तरी उंदरावरून माणसापर्यंतचे अंतर मोठे आहे. डी-२ रिसेप्टर मनोविकारांवरची अनेक औषधेही रोखतात, आणि दीर्घकाळ घेतल्यास त्यांनी हातापायांच्या हालचालींत ताठरपणा येऊ शकतो. त्यामुळे या नव्या रेणूचीही तशी तपासणी व्हायलाच हवी. वनस्पतीतले म्हणजे निर्धोक, ही समजूत तर सोडलेलीच बरी. १९९३ मध्ये अमेरिकेत 'जिन बू हुआन' नावाच्या गोळ्या गिळून कोलोरॅडोतल्या तीन लहान मुलांचा श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावले. काही प्रौढांना याच गोळ्यांनी यकृताचा दाह झाला. वेष्टनावर भलत्याच वनस्पतीचे नाव होते. आत होते ते लीव्हो-टेट्राहायड्रोपाल्मेटिन, तेही अगदी सांद्र रूपात. काढ्यात घटक थोडा आणि इतर अनेक द्रव्यांसोबत येतो, गोळीत तो एकवटून येतो. हा फरक घरात औषध आणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

त्या गोळ्यांतल्या याच रेणूवरचा एक प्रयोग मात्र उल्लेखनीय आहे. २००८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हेरॉइन सोडू पाहणाऱ्या १२० जणांवर प्राथमिक चाचणी केली. काहींना लीव्हो-टेट्राहायड्रोपाल्मेटिन दिले, काहींना औषध नसलेली गोळी. औषध घेणाऱ्यांची ओढ कमी झाली आणि पुढचे तीन महिने हेरॉइनपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात बरेच जास्त होते. मोठ्या संख्येवर, अधिक काळ आणि यकृतावर लक्ष ठेवून असे प्रयोग व्हायला हवेत.