नौदलीय पूर्वसूचक विमानपथके
नौदलीय पूर्वसूचक विमानपथके : कमी उंचीवरून येणारी शत्रूची विमाने दूरवरून हेरण्यासाठी रडार वाहून नेणाऱ्या नौदलीय विमानांची पथके. रडारचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेआड असलेली वस्तू जहाजावरील रडारला दिसत नाही. जहाजावरील आकाशक ३० मी. उंचीवर असल्यास तितक्याच उंचीवरून येणारे विमान सु. ४५ किमी. अंतरावर आल्यावरच आढळते आणि ताशी ५०० किमी. वेगाने ते साडेपाच मिनिटांत जहाज गाठते. तेच रडार १,५०० मी. उंचीवर नेल्यास ही मर्यादा सु. १८० किमी. होते.

अमेरिकेत १९४४ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या प्रयोगशाळेत ‘कॅडिलॅक’ प्रकल्पाखाली एपीएस-२० हे सु. १० सेंमी. तरंगलांबीचे रडार तयार करण्यात आले. ते ॲव्हेंजर विमानाच्या पोटाखाली घुमटाकार आवरणात बसवीत व त्याचे चित्र नभोवाणीद्वारे जहाजाकडे पाठवीत. १९४५ मध्ये ओकिनावापाशी पुढे ठेवलेल्या टेहळणी जहाजांनी जपानी आत्मघातकी हल्ल्यांत जबर हानी सोसली. हे रडार मात्र युद्ध संपेपर्यंत लढाईत उतरू शकले नाही. या कामाची पहिली दोन अमेरिकी पथके १९४८ मध्ये स्थापन झाली. पुढे स्कायरेडर विमानात वैमानिकाच्या मागे, बंदिस्त कक्षात, दोन रडारचालक बसू लागले.

या कर्मचाऱ्यांचे शिरस्त्राण आरंभी कापडी वा चामडी टोपीच होते. कर्णध्वनिक जागच्या जागी धरून ठेवणे हे तिचे मुख्य काम. कारण इंजिनाच्या गोंगाटात वैमानिक व चालक एकमेकांशी त्यांमार्फतच बोलत. जहाजावर उतरताना बसणाऱ्या हिसक्यांपासून मात्र तिने फारसे संरक्षण मिळत नसे. १९५० च्या सुमारास कठीण कवचाची शिरस्त्राणे प्रचारात आली. त्यांपैकी काहींत आतील कापडी टोपी वेगळी असे. संग्रहांत पुष्कळदा नुसते कवचच आढळते.

ब्रिटिश नौदलाचे ८४९ क्रमांकाचे पथक १९५२ पासून स्कायरेडर व १९६० पासून गॅनेट विमाने वापरीत असे. ‘आर्क रॉयल’ ही विमानवाहू नौका सेवेतून काढताना, डिसेंबर १९७८ मध्ये, तेही विसर्जित करण्यात आले. ही काटकसर महागात पडली. ४ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात कमी उंचीवरून आलेल्या अर्जेंटिनाच्या विमानांनी सोडलेल्या एक्झोसेट क्षेपणास्त्राने ‘शेफील्ड’ विनाशिका निकामी झाली व वीस जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर घाईने रडार बसविलेली सी किंग हेलिकॉप्टरे ऑगस्टमध्ये, युद्ध संपल्यावर, तेथे पोहोचली. भारतीय नौदलाचे कामॉव्ह-३१ हेलिकॉप्टरांचे पथक २००३ मध्ये गोव्यातील ‘हंसा’ तळावर स्थापन झाले.