रविवारची सकाळ दंडोबाच्या डोंगरावर

कवठे महांकाळ तालुका म्हटला की दुष्काळ, टँकर, द्राक्षबागा आणि म्हैसाळ योजनेचे पाणी यांचीच चर्चा होते. इथे फिरायला आहे काय, असे आपलीच माणसे विचारतात. सहल म्हणजे शाळेच्या पोरांनी पैसे भरून करायची गोष्ट, असे आपल्या वस्त्यांमध्ये समजले जाते. आरोग्याच्या या पानावर आम्ही आज सांगणार आहोत की मोकळ्या हवेत चालणे हे गोळ्या-औषधांइतकेच गरजेचे आहे आणि त्यासाठी लांब जावे लागत नाही.

तथागत स्वतः आयुष्यभर पायी चारिका करत राहिले. अंगुत्तर निकायात त्यांनी चंकमणाचे, म्हणजे सावधपणे येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, परिश्रम करता येतात, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. आजचे डॉक्टर जवळपास हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने आठवड्यात किमान 150 मिनिटे दम लागेल असे चालावे, मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे खेळावे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग पुरे. अशा चालण्याने रक्तदाब आणि साखर ताब्यात राहायला मदत होते, झोप चांगली लागते, मनावरचा ताण उतरतो.

यावर आमच्या माय-बहिणी म्हणतील, "दिवसभर बागेत राबतो, आणखी चालायचं कशाला?" प्रश्न खरा आहे. राबणे हीसुद्धा शरीराची हालचालच आहे. पण द्राक्षाच्या मांडवाखाली तासन् तास हात वर करून विरळणी केली की मान, खांदे आणि कंबर आखडतात. ते काम दुसऱ्याच्या वेळेने आणि मजुरीच्या हिशेबाने चालते. डोंगरावरची सकाळ आपल्या वेगाने चालायची, हवे तिथे बसायची, हसायची-बोलायची असते. राबणाऱ्या शरीराला अशी विश्रांती लागते. शिलाई मशीनवर, दुकानात, रिक्षात किंवा मोबाईलसमोर बसून दिवस काढणाऱ्यांना मात्र व्यायाम म्हणूनच चालले पाहिजे.

जायचे कुठे? मिरज आणि कवठे महांकाळ या दोन तालुक्यांच्या मधोमध दंडोबाचा डोंगर आहे. मिरज-पंढरपूर रस्त्यावरच्या भोसे गावाजवळून वर जाता येते. दुष्काळी मुलखात हे वनखात्याचे हिरवे रान आहे. वर खडकात कोरलेले दंडनाथाचे मंदिर आहे. आपण तिथे नवस बोलायला जात नाही. झाडे, वारा आणि वरून दिसणारा मुलूख पाहायला जातो. कुकटोळीजवळ गिरलिंगाचा डोंगर आहे, त्याला जुना पन्हाळाही म्हणतात. एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर कडेगाव तालुक्यातले सागरेश्वर अभयारण्य पाहावे. तिथे लोकांनी झाडे लावून जंगल उभे केले, आज त्यात हरणे आणि सांबरे राहतात. कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. भिक्खू जिथे राहिले, तिथली चैत्यगृहे आपल्या मुलांना दाखवलीच पाहिजेत.

सहलीचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. 1934 साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबाद किल्ल्यापाशी प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तिथल्या हौदावर हात-पाय धुतले. त्यावरून केवढा गहजब झाला! शेवटी पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, हत्यारी शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यांनी दिलेल्या संविधानाच्या कलम 15 ने तळी, विहिरी, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे वापरताना जातीवरून अडवायला बंदी केली. म्हणून डोंगर, जंगल आणि लेणी ही आपलीही आहेत. ती वापरली नाहीत तर हक्क कागदावरच राहील.

आता थोडी काळजी. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चालायला उत्तम. उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत खाली उतरावे. माणशी दोन लिटर पाणी, टोपी किंवा पदर, पायात बंद बूट-चप्पल असावी. घाम फार गेला, चक्कर आली तर सावलीत झोपवून अंगावर पाणी मारा आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखर-मिठाचे पाणी घोट घोट द्या. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. छातीत दुखले, धाप लागून बोलता येईना, तर तिथेच थांबा आणि 108 नंबरवर फोन करा. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. तो हात किंवा पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा.

सुरुवात लहान करा. महिला मंडळाने महिन्यातला एक रविवार ठरवावा. भाकरी, चटणी, कांदा घरून न्यावा म्हणजे खर्च फक्त गाडीभाड्याचा राहतो. सुनेला स्वयंपाकासाठी मागे ठेवून बाकीचे घर निघाले, असे होऊ देऊ नका. म्हाताऱ्यांना डोंगर चढवत नसेल तर त्यांनी सपाटीवर झाडाखाली चंकमण करावे. प्लास्टिक मागे टाकू नये. विहारातील वंदनेनंतर पुढच्या सहलीची तारीख फळ्यावर लिहा आणि ज्यांना रक्तदाब किंवा साखरेची औषधे चालू आहेत, त्यांनी त्याआधीच्या आठवड्यात आरोग्य केंद्रात तपासून घ्या.